आत्याची वही आणि शेजाऱ्यांची नावे

प्रश्न : माझ्या आत्याने १९५५ ते १९६१ या काळात लिहिलेली रोजनिशी आमच्या गोव्यातील माशेलच्या जुन्या घरात सापडली आहे. तिचा थोरला भाऊ पोर्तुगीजांच्या आग्वाद किल्ल्यातील तुरुंगात असताना शेजारच्या दोन घरांनी आमच्याशी बोलणे टाकले, चवथीला माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) पाहायलासुद्धा त्यांच्याकडून कोणी फिरकले नाही, असे तिने नावानिशी लिहिले असून त्यांना ‘पाखल्यांचे’ (म्हणजे पोर्तुगीजांचे) ‘हस्तक’ म्हटले आहे. आज त्याच घरांतली मुले आमच्याकडे आरतीला येतात. वही छापायची झाल्यास ही पाने गाळावीत काय? बनस्तारीचा पूल उडवल्याची नोंद १७ डिसेंबर १९६१ या तारखेखाली आहे, ती दुरुस्त करावी काय?
— एक वाचक, माशेल

उत्तर : पाने गाळू नयेत, नावे मात्र बदलावीत. नावे बदलण्याचा मार्ग नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीनेही धरला होता. लोकांनी युद्धकाळातील रोजनिश्या व पत्रे जपून ठेवावीत, हे डच मंत्र्याचे आवाहन तिने २८ मार्च १९४४ रोजी लंडनच्या नभोवाणीवर ऐकले; त्यानंतर ॲमस्टरडॅममधील लपण्याच्या जागेतच तिने आपली रोजनिशी छापण्याच्या हेतूने नव्याने लिहायला घेतली आणि सोबतच्या माणसांसाठी टोपणनावांची यादीही केली. तिच्या वडिलांनी १९४७ साली पुस्तक काढताना काही उतारे वगळले, आणि १९८६ च्या अभ्यासकांच्या आवृत्तीत तिचे वेगवेगळे पाठ एकाच पानावर छापावे लागले.

आता ‘हस्तक’ या आरोपाविषयी. आपल्या आत्याने बंद झालेले दार पाहिले; दाराआड काय बोलणे चालले होते, हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. लग्नपत्रिका छापायलाही सरकारी परवानगी लागावी, अशा त्या पोर्तुगीज राजवटीत कैद्याच्या घरी ऊठबस ठेवणे म्हणजे पोलिसांची नजर स्वतःकडे ओढवून घेणे होते, आणि ऑगस्ट १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी केलेल्या गोळीबारानंतर भारताने सीमा बंद केल्यावर, ज्यांची माणसे मुंबईत नोकरीला होती त्यांची तर दोन्हीकडून कोंडी झाली. त्या दोन घरांना भीतीने ग्रासले होते, की त्यांनी खरोखरच चहाडी केली, हे केवळ वहीवरून ठरवता येणार नाही. तेव्हा तिचा शब्द तसाच ठेवून खाली तळटीप द्यावी. (संपादकाने मध्येच न्यायाधीश होऊन बसू नये, असे आमचे मत आहे.) लहान गावात नावे बदलूनही माणसे ओळखू येतातच, म्हणून ही पाने छपाईपूर्वी त्या दोन घरांतील वडीलधाऱ्यांना आपण स्वतः जाऊन वाचून दाखवावीत. त्यांच्याकडची बाजू मिळाली, तर तीही परिशिष्टात द्यावी.

तारखेचेही तेच. भारतीय सैन्याची मुख्य कारवाई १८ डिसेंबरला सुरू झाली व १९ ला पोर्तुगीज गव्हर्नर वासालो इ सिल्वा शरण आले. पोर्तुगीजांनी पूल उडवला तो हे सैन्य पुढे सरकू लागल्यावर; त्यामुळे ती नोंद बहुधा मागाहून, गडबडीत चुकीची तारीख घालून लिहिलेली असावी. मजकुरात खाडाखोड न करता खरी तारीख तळटिपेत नोंदवावी, आणि त्या पानावरील शाईचा रंग व हस्ताक्षर आधीच्या पानांशी ताडून पाहावे.