किल्लीचा विषय आदल्या दिवशीच काढा

पत्र : सुट्ट्या लागल्या की आम्ही सगळे दिरांकडे जमतो. हे तीन-चार पेग घेतात आणि रात्री गाडी स्वतःच चालवतात. मागे मुलं झोपलेली असतात. बोलले तर म्हणतात, “मी शुद्धीत आहे, तुझ्यापेक्षा बरी चालवतो.” चारचौघांत शोभा नको म्हणून मी गप्प बसते. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण रात्री चालवायची सवय नाही. सासूबाई म्हणतात, आजवर काही झालं का? यंदा काय करू?

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, आजवर काही झालं नाही. पण कुणी अचानक गाडीसमोर आलं आणि करकचून ब्रेक दाबावा लागला, अशी वेळही बहुधा आलेली नाही. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. पाय ब्रेकवर यायला अर्धा सेकंद उशीर झाला, की आठ मीटर गेलेच. ते आठ मीटर कुणाच्या वाट्याला येतील, सांगता येत नाही.

तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच शुद्धीत असल्यासारखं वाटतं. दारू पाय लटपटवण्याच्या आधी अंदाज बिघडवते, आणि आपण कितपत ठीक आहोत हे ठरवायला तोच अंदाज लागतो. त्यात शेवटचा घोट घेतल्यावरही रक्तातली दारू काही वेळ वाढतच असते. तीस मिलीचा एक पेग उतरायला ढोबळमानाने एक तास धरा, कित्येकांना जास्तच लागतो. मोठे पेग असतील तर हिशेब दुप्पट. म्हणजे कधी कधी सकाळी उठून गाडी काढणंही धोक्याचं. काळ्या कॉफीने आणि तोंडावर मारलेल्या गार पाण्याने झोप उडते, दारू तशीच राहते.

म्हणूनच रात्री गाडीच्या दाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे तुम्ही ज्याच्याशी बोलता तो माणूस पटवून घेण्याच्या अवस्थेत नसतो, वर भाऊबंद बघत असतात. आदल्या दिवशी, दोघंच असताना बोला. पिऊ नका असं म्हणू नका, नाहीतर गाडी त्याच जुन्या भांडणावर जाईल. एवढंच सांगा : “उद्या येताना मी चालवणार. पोचलो की किल्ली माझ्याकडे द्या.” पिण्याआधी, शांतपणे दिली की त्यात कुणाची शोभा होत नाही.

त्यासाठी तुमचा हात बसायला हवा. दोन-तीन रात्री त्याच रस्त्याने चालवून बघा. समोरच्या दिव्यांची सवय होते. शेजारी कुणी चालवणारं माणूस बसवा, पण यजमान नकोत. ते शिकवायला लागतील! आणि मग त्या रात्री तुम्हीही एक घोटसुद्धा घ्यायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

नाहीच जमलं तर ड्रायव्हर आधीच ठरवून ठेवा, ऐन मध्यरात्री मिळेल या भरवशावर राहू नका. किंवा सरळ मुक्काम करा.

आणि त्यांनी शब्द फिरवला तर? तुम्ही आणि मुलं गाडीत बसायचं नाही. हे मात्र पक्कं. किल्लीसाठी झटापट करू नका, दिरांना पुढे करा. मोठ्या भावाचं ऐकतील. त्यांना आधीच विश्वासात घ्या, कारण यजमान एकटे निघाले तरी रस्त्यावर दुसऱ्यांची मुलं असतातच. मात्र घरात कधी हात उगारला गेला असेल, तर हा मार्ग एकटीने धरू नका. मला पुन्हा लिहा, आणि तोवर जवळच्या कुणाला तरी सांगून ठेवा.

जाऊबाईंना आजच फोन करा. चार जणांच्या अंथरुणाची सोय त्यांच्याकडे होईल, की तुम्ही घेऊन जायची, तेही विचारून घ्या.