प्रभावळीची जाळी: पाती का तुटतात, रेघ का सुटते आणि १६ इंची यंत्रावर २२ इंचांचं काम कसं बसवायचं

तुमच्या प्रश्नात पाच तक्रारी आहेत. १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक पातं वर-खाली चालवून नक्षी कापणारं यंत्र), यंत्रासोबत आलेली पिनची पाती (दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली), सांगलीच्या टिंबर एरियातून आणलेला ६ मिमी कमर्शियल प्लाय आणि घरच्या गणपतीसाठी २२ इंच उंच, १८ इंच रुंद प्रभावळ. पाती दहा मिनिटांत तुटतात, रेघ सुटते, मागच्या बाजूला ढलप्या निघतात, वळणावर लाकूड काळं पडतं आणि मोठा तुकडा फिरवताना यंत्राला अडतो. त्यावर ‘मशीनच बदलू का?’ असंही विचारलंय. त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नको. या पाचांतल्या चार तक्रारी पात्याच्या आहेत आणि पाचवी आराखड्याची.

पिनची पाती पहिल्यांदा बाजूला ठेवा. ती रुंद असतात, आणि पिन आरपार जायला जवळजवळ ५ मिमीचं भोक लागतं. प्रभावळीच्या जाळीत पाकळीच्या टोकाला ५ मिमी जागाच नसते. मग आपण भोक मधोमध पाडतो, रुंद पातं अरुंद वळणात कोंबतो, ते पीळ खातं आणि तुटतं. तुमच्या यंत्रासोबत एलन कीने आवळायच्या दोन छोट्या पकडी आल्या असतील, डब्यात शोधा. त्या बसवल्या की ५ इंची बिनपिनची पाती लागतात. ती डझनावर मिळतात. या कामाला दोन डझन तरी घ्या.

नंबर कुठला? २ नंबरचं पातं साधारण पाऊण मिमी रुंद आणि ०.३ मिमी जाड, इंचाला २० दाते. ५ नंबरचं जेमतेम १ मिमी रुंद, ०.४ मिमी जाड, इंचाला साडेबारा दाते. कंपनीगणिक आकडे थोडे हलतात. ठोकताळा असा, की लाकडाच्या जाडीत कोणत्याही क्षणी निदान तीन दाते असावेत. एकेरी ६ मिमी प्लायमध्ये ५ नंबरचे जेमतेम तीन बसतात, २ नंबरचे साडेचारच्या वर. म्हणून एकेरी कापायचं तर २ नंबर, दोन तुकडे एकावर एक ठेवून १२ मिमी कापायचं तर ५ नंबर. पुढे सांगतोय ती पद्धत या दोघांतली दुसरी, जोडीची आहे. पाती ‘रिव्हर्स टूथ’ मागा. त्यात खालचे काही दाते वर तोंड करून असतात, ते वर येताना खालचा पापुद्रा आतल्या बाजूला दाबत कापतात. ढलप्यांचा निम्मा त्रास तिथेच संपतो. पण पातं बसवताना बघा: यंत्राचा हात सगळ्यात वर असताना उलटे दाते दोन-तीनच टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. जास्त दिसले तर ते लाकूडच उचलतात आणि टेबलावर खडखडाट होतो. एकही दिसला नाही तर पैसे फुकट. वर-खाली जुळवायला पात्याचं खालचं टोक पक्कड लावून थोडं तोडावं लागलं तरी चालतं.

उरलेल्या निम्म्या ढलप्या टेबलाच्या मोठ्या भोकामुळे निघतात. पात्याभोवती आधारच नसतो. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या, मधोमध दीड मिमीचं भोक पाडा, पातं त्यातून ओवा आणि कार्ड टेबलाला टेपने चिकटवा. कडा नीट दाबून घ्या, नाहीतर तुकडा तिथे अडखळतो आणि नेमका नाजूक वळणावर अडखळतो.

आता तुटण्याबद्दल. पातं कुठे तुटतं ते बघितलं तर कारण सापडतं. वरच्या किंवा खालच्या पकडीला लागून तुटत असेल, तर दोन्ही पकडी एका रेषेत नाहीत आणि पातं दर फेऱ्याला तिथे वाकतंय. पकडीचे स्क्रू सैल करून, पातं सैल लटकवून, मग खालून वर आवळत या. मधोमध तुटत असेल तर पातं बोथट झालंय किंवा तुम्ही ढकलताय. तुटत नाही पण निसटतं, असं असेल तर कारण तेल: कारखान्यातून पाती तेलकट येतात. दोन्ही टोकं २२० च्या पॉलिशपेपरने एकदा चोळा, स्क्रूचं टोकही गुळगुळीत झालं असेल तर चोळा. पक्कड लावून आवळू नका, आटे जातात.

ताण किती द्यायचा हे सांगलीच्या माणसाला सांगणं सोपं. मिरजेत सतारमेकर गल्लीत तार जुळवताना ऐकली असेलच. पातं नखाने छेडा: खणखणीत सूर निघाला पाहिजे, ‘थप्प’ आवाज नको. बोटाने बाजूने दाबलं तर तीनेक मिमी हलावं, जास्त नको. ताण कमी असला की पातं लाकडात पोटासारखं फुगतं, वरच्या बाजूला रेघेवर आणि खालच्या बाजूला भलतीकडे. नवशिके ताण कमी ठेवतात कारण तुटायची भीती वाटते, आणि त्यानेच जास्त तुटतात.

रेघ सुटते ती तुमच्या हाताची चूक नाही. बहुतेक पात्यांना दाते पाडताना एका बाजूला बारीक धार उरते, साधारणपणे उजव्या. ती बाजू जास्त कापते आणि पातं उजवीकडे ओढतं. लाकूड नाकासमोर सरळ ढकललंत तर रेघ सुटणारच. तुकड्याची आपल्याकडची कड किंचित उजवीकडे घेऊन, तीन-चार अंश तिरकं ढकलायची सवय लावा. नवं पातं लावलं की टाकाऊ तुकड्यावर ४ इंचांची सरळ रेघ मारून कापा, त्या पात्याचा कोन हाताला कळतो. मार्गदर्शक पट्टी लावून सरळ कापायचा प्रयत्न करू नका. टेबल सॉवर चालणारी ही युक्ती इथे फसते, ती याच कारणाने.

टेबल काटकोनात आहे का हे अंशाच्या काट्यावर विश्वास ठेवून ठरवू नका. स्वस्त यंत्रांवर तो काटा शोभेचा असतो. लहान गुण्या लावा, आणि त्याहून पक्कं हवं तर ४०-५० मिमी जाड लाकडाच्या तुकड्यात २ मिमी खोल खाच कापा, यंत्र बंद करा, तोच तुकडा फिरवून पात्याच्या पाठीमागून खाचेशी भिडवा. पातं खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद बसलं तर काटकोन बरोबर. बसलं नाही तर दिसणारी चूक खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून ही चाचणी गुण्यापेक्षा चांगली. दोन थर एकत्र कापणार आहात, तेव्हा हे आज नाही केलंत तर डावी कमान आणि उजवी कमान वेगळ्या मापाच्या निघतील.

जळण्याचं बघू. कमर्शियल प्लायमधला कडक गोंद पात्याला लवकर बोथट करतो, वळणावर तुकडा थांबतो, पातं एकाच जागी घासत राहतं. तीन उपाय. एक: १२ मिमीच्या जोडीत पंधरा-वीस मिनिटं प्रत्यक्ष कापलं की पातं बदला, ते तुटायची वाट बघू नका. दोन: वेग उतरवा. बहुतेक १६ इंची यंत्रं मिनिटाला साधारण ५०० ते १६०० फेरे देतात. जाळीसाठी १००० च्या आसपास ठेवा. तीन: नमुन्याच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप लावा. त्याने घर्षण कमी होतं आणि काळे डाग पडत नाहीत. नक्षीवर टेप म्हणजे गचाळपणा वाटेल, पण या एका टेपने शिसवासारखं कडक लाकूडसुद्धा न जळता कापलं जातं.

प्लायबद्दल एक स्पष्ट बोलतो: आणलेला प्लाय जाळीला योग्य नाही. कमर्शियल प्लाय म्हणजे आयएस ३०३ या भारतीय मानकाचा एमआर (ओलावा सोसणाऱ्या) प्रतीचा, त्यात आतल्या थरांत पोकळ्या, आणि जाळीची काडी नेमकी पोकळीवर आली की बोटाने मोडते. आयएस ७१० चा मरीन प्लाय पोकळ्यांच्या बाबतीत बरा, पण गर्जनच्या लाकडाचा असेल तर कठीण आणि जड, पाती खातो. बर्च प्लाय मिळाला तर उत्तम. नाहीतर शिवणीची ६ ते ८ मिमीची फळी रंधून घ्या: हलकी, कापायला मऊ, पावसाळ्यात फारशी वाकत नाही. मात्र अखंड लाकडात नसेला आडवी येणारी काडी ५ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. प्लायमध्ये ३ मिमी चालते. सागवान दिसतं छान, पण त्यात सिलिका (वाळूसारखा कठीण अंश) असते, पात्याची धार पटकन जाते. एमडीएफ तर गणपतीच्या दिवसांतल्या दमट हवेत कडेने फुगतो, आणि त्याचा भुगा वाईट. भुगा कुठलाच चांगला नाही; एन९५ मास्क लावूनच बसा, रुमालाने काही अडत नाही.

आता पाचवी तक्रार. तुमच्या यंत्राचा घसा १६ इंच, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत तेवढंच अंतर. २२ × १८ इंचांची प्रभावळ त्यात फिरणं शक्य नाही. स्पायरल पातं सुचवणारे भेटतील, त्याला सगळीकडून दाते असतात, तुकडा न फिरवता कापता येतो. पण काप जाड येतो, कडा कुसळांनी भरते आणि सरळ रेघ तर येतच नाही. त्यापेक्षा प्रभावळ चार भागांत करा: १२ × ५ इंचांचे दोन खांब आणि १० × ९ इंचांच्या दोन अर्ध्या कमानी. अर्ध्या कमानीचा कर्ण साडेतेरा इंच, खांबाचा तेरा. दोन्ही सुखाने गोल फिरतात. सांधे दिसणार नाहीत, कारण कमानीच्या माथ्यावर तसंही कीर्तिमुख असतं आणि खांब-कमान जिथे मिळतात तिथे कमळ. ही तिन्ही नक्षी ३ मिमीच्या प्लायमध्ये वेगळी कापून सांध्यांवर चिकटवायची.

चार भागांचा दुसरा फायदा म्हणजे डावं-उजवं एकदम कापता येतं. दोन तुकडे एकावर एक ठेवताना चांगल्या बाजू आतल्या अंगाला, समोरासमोर ठेवा. एक तर कापून झाल्यावर पुस्तकासारखे उघडले की आपोआप एकमेकांचं प्रतिबिंब मिळतं, आणि दुसरं, दोन्ही चांगल्या बाजूंना पलीकडच्या तुकड्याचा आधार असल्याने ढलप्या निघत नाहीत. जोड चारी कडांनी मास्किंग टेपने बांधा, आणि मधल्या टाकाऊ भागात १० मिमीच्या बारीक चुका मारा. १२ मिमीची चूक खाली टोक काढते आणि टेबल ओरखडते.

नमुना चिकटवण्याआधीच चारही भागांच्या दोन्ही बाजू १८० च्या पेपरने घासून घ्या. जाळी झाल्यावर घासणं म्हणजे काड्या मोडणं. मग लाकडावर मास्किंग टेप, टेपवर गोंदाच्या कांडीने नमुन्याचा कागद, कागदावर पॅकिंग टेप. स्प्रेचा गोंद थेट लाकडावर मारलात तर नंतर थिनरने पुसत बसावं लागतं आणि पॉलिश डाग धरतं. नमुना छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्क्यांवर छापा आणि पट्टी लावून मोजा. चार भागांत पाव इंचाचा फरक पडला तर कमान खांबावर बसणार नाही.

भोकं ५ नंबरच्या पात्याला दीड मिमीची, २ नंबरला १ मिमीची. खाली टाकाऊ फळी ठेवूनच पाडा. भोक टाकाऊ भागातच, पण कोपऱ्याजवळ घ्या, म्हणजे रेघेवर यायला अर्धा इंच फुकट कापावं लागत नाही. खालच्या बाजूला उरलेली कुसळं पेपरने काढा, नाहीतर तुकडा टेबलावर डुगडुगतो.

कापायचा क्रम मधून बाहेर, आधी बारीक भोकं, मग मोठी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरचं लाकूड शाबूत असेपर्यंतच जाळीला ताकद असते. पाकळीच्या टोकात पातं जागेवर वळवू नका. एका बाजूने टोकापर्यंत जा, थोडं मागे या, टाकाऊ भागातून वळसा घ्या आणि दुसऱ्या बाजूने त्याच टोकाला या. जागेवर वळायचंच असेल तर तुकडा किंचित आपल्याकडे ओढा, म्हणजे पात्याची बिनदात्यांची पाठ लाकडाला टेकते, आणि मग फिरवा. दोन्ही तळवे तुकड्यावर सपाट, बोटं पात्याच्या समोर कधी नाहीत.

टेप काढताना जमिनीला समांतर, हळू ओढा. अडला तर हेअर ड्रायरने गरम करा. खालची कुसळं सुईकानशीने. सांध्यांना मागून २५ मिमी रुंदीची प्लायची पट्टी, लाकडाचा गोंद, वर वजन, आणि पावसाळी हवेत पूर्ण एक दिवस.

पॉलिशचं मात्र घाईत बिघडतं. तुमचं काम आषाढ-श्रावणात येणार. रिपरिप चालू असताना लॅकर किंवा स्पिरिटमधली चपडी (लाख) लावलीत तर ती पांढुरकी पडते, हवेतला ओलावा थराखाली अडकतो. कोरड्या दिवशी, दुपारी, पातळ दोन-तीन हात द्या. बेलतेल (जवसाचं तेल) लावणार असाल तर पुसलेली फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात; पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. आणि मागून दिवे लावायचे तर एलईडीच. समई आणि कापराची आरती प्रभावळीपासून हातभर लांब.

जुना प्लाय फेकू नका, त्यावर कोन आणि ताण जुळवायचा सराव करा. खाचेच्या चाचणीत काय दिसलं आणि पातं नेमकं कुठे तुटलं एवढं कळवा. फोटो टाकाल तेव्हा मागच्या बाजूचाही टाका.