दात कधी खाताय ते आधी शोधा, गार्डचं नंतर बघू

प्रश्न: डॉक्टर, मी डान्सर आहे. मोठा शो जवळ आला की सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानशिलं ठणकतात आणि रूममेट म्हणते तू झोपेत करकर दात खातेस. क्लिनिकमध्ये डिजिटल स्कॅन करून दात झिजलेत असं सांगितलं, म्हणजे टेस्ट झालीच ना? भाऊ बॉक्सिंग करतो, त्याच्यासारखा माउथगार्ड रात्री लावू का?

उत्तर: नाही, टेस्ट नाही झाली. स्कॅनमध्ये झीज दिसते, पण ती या शोच्या टेन्शनची की पाच वर्षांपूर्वीची हे एका स्कॅनवरून कोणीच सांगू शकत नाही. सहा महिने-वर्षभराने परत स्कॅन करून दोन्ही एकमेकांवर ठेवले तर नवीन झीज कळते. आणि सगळी झीज दात खाण्याची नसते बरं का, प्रॅक्टिसमध्ये तोंड कोरडं पडलेलं असताना आंबट स्पोर्ट्स ड्रिंक घोट-घोट पीत राहिलं तरी इनॅमल विरघळतं. त्यात दाताला खोलगट खळगे पडतात, घासून झिजलेले दात सपाट आणि चकचकीत दिसतात, अर्थात पुष्कळदा दोन्ही एकत्रच असतं.

रात्रीचं पक्कं निदान स्लीप लॅबमध्ये होतं, व्हिडिओ आणि आवाजाच्या रेकॉर्डिंगसकट. घरी जबड्याच्या स्नायूवर चिकटवायचे सेन्सरही मिळतात, पण ते कधीकधी गिळणं-बोलणंही मोजतात. हातातल्या स्मार्टवॉचला जबड्याचं काही कळत नाही. घोरत असाल तर मात्र झोपेत श्वास अडकतो का हे तपासून घ्याच.

पण मला खरी शंका तुमच्या दिवसाची आहे! बॅलन्स धरताना, काउंट मोजताना, विंगेत उभं असताना दात आवळलेले असतात आणि ते आपल्याला कळतच नाही, वजन उचलणाऱ्यांचंही तेच. यासाठी मोबाइल अ‍ॅप असतात, दिवसात कधीही वाजतात आणि विचारतात, आत्ता दात सुटे आहेत, टेकलेत की आवळलेत? आठवडाभर प्रामाणिकपणे नोंद करा, रिहर्सलमध्ये फोन नसेल तर प्रत्येक ब्रेकला स्वतःलाच विचारा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला अलगद, हीच जबड्याची आरामाची स्थिती.

भावासारखा गार्ड नको. तो मऊ असतो, ठोसा झेलायला केलेला, रात्री काही जण तोच चावत बसतात. रात्रीसाठी बहुतेकदा मापाने बनवलेला कडक अ‍ॅक्रिलिकचा स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं कवच, देतात, आणि तोही दात वाचवतो, सवय मोडत नाही. संध्याकाळची कॉफी आणि दारू कमी करून बघा. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं, घेत असाल तर ज्यांनी दिल्यात त्यांच्याशी बोला, मनाने बंद करू नका. तोंड उघडताना जबडा अडकायला लागला तर मात्र शो संपायची वाट बघू नका, नोंदी घेऊन लगेच दाखवा.