लीग येईल हो, पण पोरगं काय म्हणतंय?

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, उंची सहा फूट तीन इंच, शाळेपासून बास्केटबॉल खेळतो. मोठ्या लीगच्या खाली दुसऱ्या दर्जाची प्रोफेशनल लीग निघणार असं त्यांच्या ऐकण्यात आलं, म्हणून त्यांनी ठरवलंय की बारावीला गॅप घ्यायचा आणि पुण्याच्या अकॅडमीत टाकायचं. स्वतः ते विद्यापीठाच्या टीममध्ये होते, घरच्या जबाबदारीमुळं खेळ सुटला.

मालक, पत्र मी तीनदा वाचलं. 'आम्ही ठरवलंय', 'आमचं स्वप्न', 'आम्ही हुतात्मा एक्स्प्रेसनं ट्रायलला जाऊन आलो' हे सगळं आहे त्यात, पण ट्रायलवरून येताना पोरगं काय बोललं ते कुठंच नाही. त्याच्याबद्दल एकच ओळ आहे, 'हल्ली फार बोलत नाही, रात्री मॅचचे व्हिडिओ कट करत बसतो आणि कोण कुठून शॉट मारतो ते वहीत लिहितो'. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिलीय. मला तुमच्या सगळ्या पत्रात तीच ओळ महत्त्वाची वाटली. डॉक्टर-इंजिनिअर हो म्हणून मागं लागणारे आईवडील मला रोज भेटतात, तुम्ही खेळ म्हणताय म्हणून ते प्रेशर नाही असं समजू नका. तुमचा सुटलेला खेळ त्याच्याकडून पूर्ण करून घेणं बरोबर नाही, स्पष्टच सांगतो.

आता तो गैरसमज. दुसरी लीग म्हणजे पहिल्या लीगची पायरी, एकदा पाय ठेवला की पोरगं वर जाणारच, असं तुम्ही धरून चाललाय. अमेरिकेत एनबीएनं, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगनं, 2001 मध्ये खालची लीग काढली, आता तिला जी लीग म्हणतात, तेव्हा आठ टीम होत्या. पहिलं विजेतेपद ग्रीनव्हिल ग्रूव्हनं घेतलं आणि 2003 मध्ये ती टीमच बंद पडली, चॅम्पियन असून. पगाराचं बघा, 2016-17 ला तिथं सीझनचे 19 हजार नाहीतर 26 हजार डॉलर मिळायचे आणि त्याच वर्षी एनबीएत नवख्या पोराला कमीत कमी 5 लाख 43 हजार. आपल्या पंजाबचा सतनाम सिंग, सात फुटांच्या वर उंची, 2015 ला एनबीएच्या डॅलस टीमनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52 व्या नंबरला घेतला, मग त्यांच्याच खालच्या टीमकडून, टेक्सास लेजेंड्सकडून खेळला, पण एनबीएची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. जपाननं 2016 ला बी-लीग काढली, वरच्या बी-वनमध्ये 18 आणि खालच्या बी-टूमध्ये 18 क्लब, तिथं तेव्हा खालून वर चढता यायचं खरं, पण चढायचा तो क्लब, आणि चढलेला क्लब जुन्याच पोरांना ठेवेल असं काही नव्हतं. आणि आपल्याकडं यूबीए नावाची प्रोफेशनल बास्केटबॉल लीग 2015 ला सुरू झाली, 2017 नंतर थांबली. त्या भरवशावर कुणी बारावी सोडली असती तर आज काय केलं असतं, तुम्हीच विचार करा.

म्हणून गॅप नाही. बारावी द्यायची, सीईटी वगैरे त्याला वाटलं तर. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या नोकरीत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाचं शिक्षण तिथंही लागतंच, त्यामुळं खेळासाठी म्हणून सुद्धा शिक्षण सोडून चालत नाही. सकाळचा सराव चालू ठेवा, तो बंद करा असं मी म्हणतच नाहीये.

आणि ती वही. लीग पहिल्या दर्जाची असो की दुसऱ्या, कोच लागतो, फिजिओ लागतो, मॅचचे आकडे आणि व्हिडिओ बघून टीमला सांगणारा लागतो, टेबलवर स्कोअरशीट लिहिणारा लागतो. तुमचं पोरगं न सांगता रात्री जागून यातलंच काम करतंय, कदाचित त्याला खेळायचंच असेल, कदाचित नसेल, ते मला इथून कळणार नाही आणि तुम्हीही त्याच्या वतीनं सांगू नका.

पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या. तुम्ही वाचायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, पाकीट त्यानंच चिकटवायचं आणि पोस्टात त्यानंच टाकायचं. आणि अकॅडमीची फी तोपर्यंत भरू नका.