रेणू तोच, कृती नवी

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. एखाद्या कीटकनाशकाचा किंवा औषधाचा रेणू आणि तो तयार करण्याची कृती दोन्ही प्रसिद्ध झालेल्या असताना, कंपन्यांच्या प्रोसेस विभागात नेमके कोणते संशोधन चालते? (एक वाचक, लातूर)

उत्तर : प्रयोगशाळेत पाच ग्रॅम पदार्थ हाती येणे आणि तोच टनांच्या हिशेबाने, परवडेल अशा खर्चात व कामगारांच्या जिवाला धोका न होता तयार करणे यांत फार मोठे अंतर असते, आणि ते अंतर कापणे हेच प्रोसेस विभागाचे काम. फ्लास्क बर्फात ठेवून सहज थंड करता येतो; पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये मात्र आकारमानाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ कमी पडते, उष्णता तितक्या वेगाने बाहेर निघत नाही आणि फ्लास्कमध्ये निमूट पार पडलेली अभिक्रिया तिथे हाताबाहेर जाऊ शकते. त्यामुळे कोणते रसायन आधी घालायचे, किती वेगाने घालायचे, मधले रसायन वेगळे काढून साठवायचे की लगेच पुढच्या अभिक्रियेत वापरून टाकायचे, हे सारे नव्याने ठरवावे लागते.

नुसत्या क्रमाने काय होते, याचे उदाहरण कार्बारिल या कीटकनाशकाचे आहे. त्यासाठी मिथिलअमीन, फॉस्जीन आणि १-नॅफ्थॉल ही तीन रसायने पुरतात. मिथिलअमीन व फॉस्जीन आधी एकत्र आणले, तर मिथिल आयसोसायनेट तयार होते आणि ते नॅफ्थॉलशी जोडले की कार्बारिल मिळते. या शेवटच्या पायरीत उपपदार्थ काहीच उरत नाही, म्हणून ही कृती कारखानदाराला आकर्षक वाटते. उलट नॅफ्थॉल व फॉस्जीन यांची अभिक्रिया आधी घडवून मग मिथिलअमीन घातले, तरी कार्बारिलच मिळते, आणि मिथिल आयसोसायनेट वाटेत कुठेच तयार होत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पहिला क्रम होता. मिथिल आयसोसायनेट सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे भोपाळच्या उन्हाळ्यातल्या दुपारच्या तापमानालाच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या टाकीत पाणी शिरून विषारी वायू बाहेर पसरला, तिच्यात ते सुमारे ४० टन साठवलेले होते. फॉस्जीन दोन्ही कृतींत लागते आणि तेही अत्यंत विषारी आहे, त्यामुळे दुसरी कृती निर्धोक म्हणता येणार नाही. पण एवढा साठा बाळगण्याचा प्रश्नच तिच्यात उद्भवला नसता. प्रोसेसचा निर्णय फक्त नफ्यातोट्याचा नसतो, तो कारखान्याभोवतीच्या वस्तीचाही असतो, असे मला म्हणूनच वाटते.

प्रश्न : सोयाबीनच्या तणनाशकांविषयीच्या एका पुस्तिकेत मेटोलाक्लोर आणि एस-मेटोलाक्लोर अशी दोन नावे वाचली. ही दोन औषधे आहेत की एकच? (एक शेतकरी वाचक, वाशीम)

उत्तर : अणूंची जोडणी दोन्हींत सारखीच आहे, फरक आहे तो अवकाशातील मांडणीचा. उजव्या आणि डाव्या हाताच्या पंजांसारखी, एकमेकांवर तंतोतंत न बसणारी रूपे या रेणूला असतात. बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीने १९७० च्या दशकात मेटोलाक्लोर बाजारात आणले, तेव्हा ते सर्व रूपांचे मिश्रण होते. १९८२ मध्ये लक्षात आले की तण मारण्याचे काम जवळजवळ सगळे ‘एस’ रूपेच करतात. बाकीचा माल शेतात उगाच पडतो.

कळले तरी ‘एस’ रूप स्वस्तात तयार करण्याची वाट सापडायला १९९६ उजाडावे लागले. इमीन (कार्बन व नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध असलेले संयुग) या मधल्या रसायनात हायड्रोजन घालताना तो एकाच बाजूने जोडला जावा, यासाठी इरिडियम या महागड्या धातूचा उत्प्रेरक (स्वतः खर्ची न पडता अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ) वापरायचा होता, आणि तो लवकर निकामी झाला तर सगळे गणितच कोसळणार होते. अखेर त्या धातूभोवती बसवायचा योग्य फॉस्फिन (फॉस्फरसयुक्त) रेणू सापडला आणि अभिक्रियेत थोडे आम्ल व आयोडाइड घातल्यावर वेग कितीतरी वाढला. सुमारे ८० बार दाबाखाली आणि ५० अंश सेल्सिअसला उत्प्रेरकाचा एक रेणू दहा लाखांहून अधिक रेणूंना पुरू लागला. तयार मालात हव्या त्या रूपाचे प्रमाण सुमारे नव्वद टक्केच असते. पोटात घ्यायच्या औषधासाठी एवढी शुद्धता सहसा चालवून घेतली जात नाही. तणनाशकाला ती पुरली, कारण आणखी शुद्ध करण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी बसला असता. एकरी मात्रा साधारण एक तृतीयांशाने खाली आली. म्हणून एकाची मात्रा दुसऱ्याला लावू नये. डब्यावरील लेबलावर छापलेलीच पाळावी.

प्रश्न : जुन्या रेणूच्या नव्या कृतीला भारतात पेटंट मिळते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मिळते. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार तर औषधांच्या बाबतीत फक्त कृतीलाच पेटंट मिळत असे, पदार्थाला नाही. आणि गंमत म्हणजे त्या कायद्याच्या व्याख्येत कीटकनाशके व तणनाशकेही ‘औषधा’तच मोडत. पेटंटची मुदतही तोकडी होती : मंजुरीपासून पाच किंवा अर्जापासून सात वर्षे, यांपैकी जी आधी संपेल ती. परदेशी कंपनीचा रेणू वेगळ्या कृतीने तयार करणे त्यामुळे इथे कायदेशीर ठरले आणि आपल्याकडचे प्रोसेस रसायनतज्ज्ञ त्या काळात तयार झाले. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, त्यामागे हेच कौशल्य होते. १ जानेवारी २००५ पासून पदार्थालाही वीस वर्षांचे पेटंट मिळू लागले. त्यामुळे नवी कृती शोधणाऱ्याने मूळ रेणूचे पेटंट अजून चालू आहे की संपले, हे आधी तपासावे. चालू असेल, तर कृतीचे पेटंट हाती असूनही पेटंटधारकाच्या परवानगीवाचून माल विकता येत नाही.