बालमजुरीवर संशोधन म्हणजे नेमकं काय काम?

प्रश्न : मुलगी समाजशास्त्रात बी.ए. करतेय. पुढे कामगार हक्क आणि बालसंरक्षण या विषयांत संशोधक व्हायचं म्हणते. ही समाजसेवाच ना? त्यावर पोट भरेल का? ती हळवी आहे, खचून जाईल अशी भीती वाटते. – एक आई

ताई, नमस्कार.

समाजसेवेशी या कामाचं नातं जवळचं आहे, पण काम वेगळं. कार्यकर्ता मुलाला मजुरीतून सोडवतो. ते मूल तिथे पोचलं कसं, किती तास राबतं आणि सुटल्यावर जातं कुठे, हे संशोधक शोधतो.

हा शेवटचा प्रश्न वेळेवर न विचारल्याने काय होतं, ते बांगलादेशात दिसलं. बालमजुरीतून तयार झालेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मांडलं गेलं. ते मंजूर झालंच नाही, पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकलं. नंतर शोध घेतला, तर त्यांतली काही शाळेत नव्हे, दगड फोडण्यासारख्या आणखी वाईट कामांवर सापडली. मग 1995 मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला : आधी मुलाची शाळेत सोय, मगच कामावरून कमी करायचं. कळकळ आधीही होतीच, माहिती नव्हती.

रोजचं काम मात्र दिसायला रुक्ष. प्रश्नावली, मुलाखती, आकडेवारी, अहवाल. ‘मूल काम करतं का?’ असं थेट विचारलं की बहुतेक पालक ‘नाही’ म्हणतात. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस?’ असं मुलालाच विचारलं, की तास बाहेर येऊ लागतात. आणि तासांवर बरंच अवलंबून असतं. जागतिक अंदाज काढताना 5 ते 11 वर्षांच्या मुलाने आठवड्यात एक तास जरी आर्थिक काम, म्हणजे मजुरी किंवा घरच्या शेती-धंद्यातलं काम, केलं तरी ते बालमजुरीत धरतात. 12 ते 14 वयासाठी ही मर्यादा 14 तासांची. धोकादायक काम असेल, तर 18 वर्षांखालच्या कुणासाठीही तास बघायचे नाहीत. या पद्धतीने 2024 मध्ये जगात सुमारे 13.8 कोटी बालमजूर मोजले गेले, त्यांतले 61 टक्के शेतीत. आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मालक शेजारी उभा असेल तर मुलाखत घ्यायची नाही. पालकांची परवानगी हवीच, शिवाय मुलाचीही तयारी हवी. बोलता बोलता मुलाने मारहाणीचं काही सांगितलं तर कुणाला कळवायचं, हे घराबाहेर पडण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

शिक्षणाबद्दल माझं मत जरा रोखठोक आहे. नुसत्या मानवी हक्कांच्या पदविकेवर फार दारं उघडत नाहीत. संख्याशास्त्र किंवा कामगार कायदा, यांपैकी एक तिने नीट, घासून शिकावं. समाजशास्त्राचा पाया आहेच. स्टाटा किंवा आर यांपैकी आकडेवारीच्या विश्लेषणाचं एक सॉफ्टवेअर हाताखालचं झालं पाहिजे.

पोट भरतं, पण सुरुवातीची काही वर्षं कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. विद्यापीठं, सरकारी खाती, आंतरराष्ट्रीय संस्था आणि स्वयंसेवी संस्था हे नेहमीचे मार्ग. कंपन्यांनाही आता असे लोक लागतात, कारण जर्मनीसारख्या देशांत पुरवठा साखळीतली बालमजुरी तपासणं मोठ्या कंपन्यांना 2023 पासून कायद्याने बंधनकारक झालं.

हळवेपणाचं म्हणाल, तर कोडगी माणसं या कामात मला जास्त धोक्याची वाटतात. पण रोज ऐकलेलं बोलून मोकळं होण्याची सोय असलेली टीम तिने निवडावी. क्षेत्रभेटी झेपल्या नाहीत तर आकडेवारीचं विश्लेषण हेही पूर्ण वेळेचं काम आहे.

सुट्टीत तिला एखाद्या सर्वेक्षणात घरोघरी फॉर्म भरायचं काम मिळतंय का बघा. कोणताही विषय चालेल, मानधन कमी असलं तरी जाऊ द्या. दारं तोंडावर बंद होतील, एकच प्रश्न दिवसभर विचारावा लागेल. ते करून आल्यावरही ती हेच म्हणाली, तर एम.ए.चा अर्ज भरायला हरकत नाही.