‘रूपांतर’ की ‘माध्यमांतर’?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका हौशी नाट्यमंडळीने विचारलंय. बापाची तिरडी बांधता बांधता मुलं वाटणीवरून भांडतात, असं त्यांचं विनोदी पण अंगावर येणारं नाटक. आता त्यावर सिनेमा करताहेत. श्रेयनामावलीत ‘रूपांतर’ लिहायचं का? आणि ‘डार्क कॉमेडी’ला मराठीत काय म्हणायचं?

‘रूपांतर’ नका लिहू. मराठी रंगभूमीवर शंभराहून अधिक वर्षं हा शब्द परक्या नाटकाला इथलं घर, इथली माणसं देण्याच्या कामाला जुंपलेला आहे. देवलांचं ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’चं रूपांतर, पुलंची ‘ती फुलराणी’ ‘पिग्मॅलियन’चं. तुमच्याकडे तो शब्द वाचून जाणकार विचारेल, मूळ नाटक कुठल्या भाषेतलं? तुमचं माध्यम बदलतंय, म्हणून ‘माध्यमांतर’. नागपूरच्याच महेश एलकुंचवारांच्या ‘होळी’ आणि ‘पार्टी’वर १९८४ साली हिंदी चित्रपट आले, केतन मेहता आणि गोविंद निहलानी यांचे. तिथे भाषाही बदलली आणि माध्यमही. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना शब्दही वेगळे हवेत.

माध्यमांतरात किती कष्ट असतात ते तुमच्याच नाटकात बघा. ‘सुतळी कोणाच्या पैशाची?’ या वाक्याला देशपांडे सभागृहात हशा आला, की नट थांबतो. हशा ओसरू देतो, मग पुढचं वाक्य टाकतो. रोज वेगळं थांबतो. सिनेमात ते थांबणं संकलनाच्या टेबलावर एकदाच ठरतं. शिवाय कॅमेरा जवळ गेला की बांबू खरा, गाठ मारणारी बोटं खरी. बघणाऱ्याला घरचं मरण आठवतं आणि हसू घशातच राहतं.

आता ‘डार्क कॉमेडी’. ‘काळा विनोद’ कानाला खटकतो, कारण काळा बाजार, काळा पैसा म्हटलं की आपल्याला बेकायदा धंदाच दिसतो. ‘कृष्णविनोद’ म्हणावं तर गोकुळ आठवतं. ‘विखारी’त कुणाबद्दल तरी द्वेष लागतो. मला ‘भेसूर विनोद’ मनापासून पटतो. ‘तो भेसूर हसला’ असं आपण म्हणतोच. भीती आणि हसू तिथे आधीच एकत्र नांदतात. आणि हा प्रकार काही बाहेरून आलेला नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ नाटकात (१९७४) मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यासोबत बडगे, म्हणजे टिंगल करणारे पुतळे, मिरवणुकीत निघतात, त्यांना पाहून अख्खं नागपूर हसतं आणि मग त्यांना जाळतं.

तेव्हा नाटकाचं नाव, लेखकाचं नाव, त्याखाली ‘माध्यमांतर’ आणि पटकथाकाराचं नाव. जाहिरातीत ‘डार्क कॉमेडी’ राहिली तरी चालेल, पण पोस्टरवर एकदा ‘भेसूर विनोदी चित्रपट’ छापून बघाच.